सेवेला आलेला माणूस

आम्ही जेलरोडला राहतो. नाशिकरोडच्या लोकांना यात काही वाटत नाही. लग्नपत्रिकेवर तो पत्ता छापतात, दवाखान्याच्या पाटीवर असतो, पेढ्यांच्या खोक्यावरही असतो. रिक्षावाल्याला 'जेलरोड' म्हटलं की तो समोर बघतच भाडं सांगतो. नुसतं 'जेल' म्हटलं की मात्र मान वळवून बघतो. धाकट्या भावाला भेटायला जायची वेळ आली तेव्हा मला हा फरक कळला, आणि मी 'जेलरोड, कुठं थांबायचं ते पुढं सांगते' असं म्हणायला शिकले.

भाऊ इमारतींमध्ये वायरिंगची कामं करायचा. त्याचं ड्रिल मशीन जळलं होतं, दुसऱ्या दिवशी काम होतं, आणि एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर एक ड्रिल पडलेलं होतं. एवढीच त्या गुन्ह्याची कथा. दुकानदाराला त्याचं ड्रिल त्याच संध्याकाळी परत मिळालं. भावाला दोन महिने मिळाले. पहिल्याच गुन्ह्यात माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची तरतूद कायद्यात तेव्हाही होती. आमच्या वकिलांना ती निकाल लागल्यावर, कोर्टाबाहेर चहा पिताना आठवली.

दोन महिने हा फार वाईट काळ आहे. माणसाला आत काही शिकवायचं म्हटलं तर तेवढ्यात सुतारकाम येत नाही की शिवणकाम येत नाही. पण बाहेर जे काही असतं ते मोडायला दोन महिने अगदी पुरतात. ठेकेदारानं दुसरा वायरमन ठेवला. भावाची बायको पेठला माहेरी गेली, आधी चार दिवसांसाठी म्हणून. घरमालकानं खोली रिकामी करून घेतली. आणि आत जी एक ओळख झाली, ती तेवढी टिकली. त्या ओळखीच्या माणसानं बाहेर आल्यावर काम दिलं. काम तांब्याच्या तारेचं होतं, तार दुसऱ्याची होती. भाऊ पुन्हा आत गेला.

दुसऱ्यांदा सुटून आला तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, एकटी. घरात जागा भरपूर आणि पुस्तकं त्याहून जास्त. तो वर्षभर काम शोधत होता. एकदा जेवताना म्हणाला, "ताई, आत होतो तेव्हा दर आठवड्याला मुलाखत होती. बाहेर आल्यापासून एक नाही." कैद्याला नातेवाईक भेटायला जातात त्यालाही आपल्याकडे मुलाखतच म्हणतात. मला हसू आलं, आणि मग मी त्याला आणखी भात वाढला.

त्याचा फोन तो नेहमी पालथा ठेवायचा. तांब्याच्या तारेवाला अधूनमधून फोन करत असे. "ये ना, काम आहे," एवढंच. भाऊ "बघतो" म्हणायचा. आधी तो 'नाही' म्हणायचा. 'नाही'चं 'बघतो' कधी झालं ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि 'बघतो'च्या पुढं काय असतं तेही.

म्हणून मला ती वाचनालयाची जागा हवी होती.

आमच्या वसाहतीत एक बाग आहे आणि बागेच्या कोपऱ्यात सार्वजनिक वाचनालय. मी त्याची चिटणीस, म्हणजे कुलूप माझ्याकडे आणि सत्कार अध्यक्षांकडे. अध्यक्ष सरकारी खात्यातून मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झाले आणि खुर्चीशिवाय करमेना म्हणून आमच्याकडे आले. त्यांच्या कारकिर्दीत पुस्तकं कमी आणि फ्लेक्स जास्त आले. मात्र जुने फ्लेक्स आम्ही पावसाळ्यात कपाटांवर अंथरतो, त्यामुळे अध्यक्षांच्या चेहऱ्यानं पुष्कळ ग्रंथ कोरडे ठेवले, हे मान्य करायला हवं.

वाचनालयाचा शिपाई वय झालं म्हणून गावी गेला आणि जागा रिकामी झाली. झाडलोट, वर्तमानपत्रं लावणं, बागेच्या झाडांना पाणी. मी भावासाठी शब्द टाकला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, भावना समजतात. पण संस्था म्हटली की प्रतिमा आली."

"झाडू मारायचाय, अध्यक्ष. प्रतिमा नाही मारायची."

"तुम्ही विनोद करता," ते म्हणाले. विषय संपला.

आणि मग तो माणूस आला.

एका सकाळी साध्या कपड्यातला एक हवालदार त्याला घेऊन वाचनालयात आला. बरोबरचा माणूस तिशी-पस्तिशीचा, पांढरा इस्त्रीचा सदरा घातलेला, मान खाली. हवालदार माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कोर्टाचं हाय. ह्यांनी रोज सकाळी इथं आन् बागेत झाडलोट करायची, महिनाभर. नव्या कायद्यात ते सामुदायिक सेवा निघालंय ना, ते. तुम्ही फकस्त लक्ष ठेवा, शेवटी मी विचारायला येतो."

"केलं काय यांनी?"

"मिक्सर."

"म्हणजे?"

"दुकानातनं उचलला. दिला परत. पहिलीच टाइम हाय."

नवा कायदा आल्याचं मी वाचलं होतं. किरकोळ चोरी, पहिली वेळ, वस्तू परत केलेली, तर कैदेऐवजी लोकांच्या उपयोगाचं काम. वाचलं तेव्हा 'चांगलं झालं' असं वाटलं होतं. छापलेल्या कागदावर मी फार उदार असते. समोर पांढऱ्या सदऱ्यात तो उभा राहिला तेव्हा मनात एवढंच आलं: मिक्सर आणि ड्रिल. दोन्हींना मोटर असते, दोन्ही त्याच संध्याकाळी परत गेले. याला झाडू मिळाला आणि माझ्या भावाला आतली ओळख.

मी कोपऱ्यातला खराटा दाखवला. तो घेऊन तो बागेत गेला.

बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये एक आजी आहेत, पांढऱ्या पातळातल्या, हातात कायम कापडी पिशवी. त्यांनी त्याला विचारलं, "नवीन दिसता. कोणाकडून आलात?"

तो म्हणाला, "सेवेला आलोय."

आता हा शब्द त्याला कोर्टानं दिलेला. पण आपल्या नाशिकमध्ये सेवेला आलेला माणूस म्हणजे सेवेकरी. कुठल्या तरी मठात, केंद्रात, मनोभावे, बिनपगारी झाडलोट करणारा. गल्लोगल्ली असे सेवेकरी असतात आणि लोक त्यांना मान देतात. आमच्या घरची रीत विहारात जाण्याची, त्यामुळे हा शब्द मला शेजारून ऐकून माहीत. पण आजींच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी खिडकीतून पाहिला. त्यांनी पिशवीतून एक केळं काढलं, कपाळाला लावलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

तो बावरला. मग त्यानं ते खाल्लं.

आठवडाभरात अख्खी बाग त्याला सेवेकरी म्हणायला लागली. कोणी चहा आणायचं, कोणी विचारायचं, "कोणत्या वारी उपास असतो तुमचा?" तो म्हणायचा, "माझा नसतो, बायकोचा असतो सोमवारी." लोक माना हलवायचे. केवढी ही विनम्रता.

मी कोणाला काही सांगितलं नाही. कोर्टाचं कोर्टापाशी, असं मी स्वतःला म्हणत होते. खरं तर एका चोराची गोष्ट निघाली की दुसऱ्याची निघणार, आणि दुसरा माझ्या घरात राहत होता.

पण जळत होते, हे लपवून उपयोग नाही. केळ्यानं मी जळले, चहानं जळले, आणि सगळ्यात जास्त जळले ती डब्यानं. सकाळचं काम संपत आलं की त्याची बायको बागेच्या फाटकाशी यायची. हातात दोन पुडांचा स्टीलचा डबा. तो हातपाय धुऊन बाकावर बसून जेवायचा, ती शेजारी बसून मुलाच्या शाळेचं काहीतरी सांगत राहायची, आणि मग तो तिथूनच मार्केट यार्डात टेम्पोवर कामाला जायचा. त्याचं काम सुटलं नव्हतं. टेम्पोमालकाला त्यानं सांगितलं होतं, 'सकाळची सेवा हाय', आणि मालकानं उलट नमस्कार केला होता. मूळचा निफाडकडचा माणूस, द्राक्षांच्या गावचा. बोलणं गोड होतं, तेही मला खुपायचं.

म्हणजे बायको जागेवर, नोकरी जागेवर, नाव तर होतं त्याहून वर गेलेलं. आणि माझ्या भावाची बायको पेठला, चार दिवसांसाठी गेलेली.

भाऊ रोज वाचनालयात येऊन वर्तमानपत्र वाचायचा. त्याला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं तोही जळेल, मला सोबत होईल. तो खिडकीतून त्या माणसाकडे बघत म्हणाला, "खराटा उलटा धरतो. पाठ जाईल त्याची."

"तुला काहीच वाटत नाही?"

"काय वाटायचंय ताई? मोबाईलचं असंच असतं. आपण घेतला की महिन्यानं स्वस्त होतो."

मग तो बाहेर गेला आणि त्याला खराटा कसा धरायचा ते दाखवून आला. मला त्याचाही राग आला.

वर्धापनदिनाच्या आधी कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "शिपायाच्या जागेचा प्रश्न सुटला. आपल्या सेवेकऱ्यांनाच ठेवू. निःस्वार्थ माणूस. शिवाय वाचनालयाची प्रतिमा." कोणी त्या माणसाला विचारलं नव्हतं. निःस्वार्थ माणसाला विचारायची पद्धत नसते.

माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं. 'अध्यक्ष, तुमच्या निःस्वार्थ माणसानं मिक्सर चोरलाय.' फार लांबही नव्हतं. घरी येऊन मी भावाला म्हटलं, "उद्या सांगून टाकते. चोर चालत नसेल तर कुठलाच चालायला नको. आणि एक चालत असेल तर दुसराही चालेल."

तो कांदा चिरत होता. "आणि त्याचं काय होईल?"

"त्याचं जे व्हायचं ते होईल."

"माझं जे झालं ते होईल," तो म्हणाला. "त्याच्या विस्तवावर माझी पोळी नको भाजूस ताई."

"आणि तू काय करणार?"

 ओट्यावर पालथा पडलेला फोन त्यानं उचलून खिशात टाकला. मला ते उत्तर आवडलं नाही.

मी सांगितलं नाही. मोठेपणा म्हणून नव्हे. भावानं अडवलं म्हणून.

वर्धापनदिनाच्या सकाळी प्रमुख पाहुण्यांनी कळवलं की येणं जमत नाही. शाल आणलेली होती, नारळ आणलेला होता, फ्लेक्सवर 'भव्य सत्कार' छापून झालं होतं. अध्यक्ष शाल हातात घेऊन वाचनालयभर फिरले. इतक्या वर्षांची बिनपगारी चिटणीस समोर खुर्च्या मांडत होती, पण त्यांची नजर माझ्यावरून टेबलावरून सरकावी तशी सरकली. तेवढ्यात खिडकीतून त्यांना खराटा दिसला.

"सापडले," ते म्हणाले.

कार्यक्रम बागेतच होता. फिरायला येणारे सगळे, आजी पहिल्या रांगेत, माझा भाऊ शेवटच्या. योगायोग असा की त्या माणसाच्या सेवेचा तो शेवटचा दिवस होता आणि त्याला ते ठाऊक होतं. त्याची बायको डबा घेऊन फाटकापाशी थांबली होती. अध्यक्ष निष्काम सेवेवर बोलले. मग पुन्हा निष्काम सेवेवर बोलले. मग त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर शाल घातली आणि जाहीर केलं की आजपासून हे आपल्या वाचनालयात कायमचे रुजू होत आहेत. टाळ्या झाल्या.

"दोन शब्द बोला," अध्यक्षांनी माईक त्याच्यापुढं धरला.

त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला, खराट्यासारखा.

"मला बोलता येत नाय," तो म्हणाला. "कोर्टात उभा होतो तवा वाटलं, संपलं सगळं. मंग जज्जसायेब म्हनले, जेल नको, सेवा कर. मला वाटलं, लोक तोंडावर थुंकतील. पन तुमी लय मोठ्या मनाची मानसं. मी चोरी केली हे सगळ्यांला माहीत असून मला चहा पाजला. आजींनी तर रोज केळं दिलं. चोराला कोन देतं?"

बागेत पाण्याचा पाइप चालू राहिला होता, त्याचा आवाज ऐकू यायला लागला.

तेव्हा मला समजलं. महिनाभर लोक समजत होते तो सेवेकरी आहे, आणि तो महिनाभर समजत होता की लोकांना सगळं माहीत आहे आणि तरी ते असे वागताहेत. दोन्ही बाजूंनी एकमेकांना देव करून ठेवलं होतं. दोन्हीकडचं ठाऊक असलेली मी एकटी, आणि मी खिडकीत बसून केळी मोजत होते.

समोरची शांतता त्याला समजली नसावी. त्यानं घाईनं पुढं जोडलं, "मिक्सर मी परत दिला हाय."

"कसला मिक्सर?" आजींनी शेजारणीला विचारलं.

"आन् सायेब, कामाचं म्हनले ते लय उपकार. पन मला टेम्पो हाय. माझा महिना आज भरला." त्यानं माईक परत दिला, शाल काढावी की ठेवावी ते न कळून एका खांद्यावर ठेवली.

अध्यक्षांचा चेहरा मी नीट पाहिला. मोठ्या खुर्चीवरचा माणूस पडत नाही, तो फक्त दुसऱ्या बाजूला झुकतो. त्यांनी घसा साफ केला.

"हेच," ते म्हणाले. "हेच आपल्या वाचनालयाचं वैशिष्ट्य आहे. चुकलेल्या माणसाला संधी देणं. हा उपक्रम आपण जाणीवपूर्वक हाती घेतला. शिक्षेपेक्षा संधी माणसाला घडवते, हे आपलं पहिल्यापासूनचं धोरण."

कोणीतरी टाळी वाजवली. धोरण म्हटलं की कोणीतरी वाजवतंच.

मी उभी राहिले. भाषणाची मला सवय नाही, आणि माईक मला कोणी दिलाही नाही.

"अध्यक्ष, मग शिपायाची जागा रिकामीच आहे. ती माझ्या भावाला द्या. तोही चोरच आहे."

मागून कोणीतरी हसलं. शेवटच्या रांगेतून. तो भाऊच होता.

"ताई, हा विषय कार्यकारिणीत—"

"कार्यकारिणी इथंच बसलीय की," आजी म्हणाल्या. त्या कार्यकारिणीत नव्हत्या, पण त्यांची केळी वाया गेली होती आणि त्याचा राग त्यांना कोणावर तरी काढायचा होता. "आत्ताच म्हणालात ना, पहिल्यापासूनचं धोरण? मग पहिल्यापासून कुठं होतं?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. या वेळी पुसायला फार वेळ लागला. मग म्हणाले, "एक महिना बघू."

त्या माणसाला त्याची बायको फाटकातून घेऊन गेली. जाताना त्यानं शाल घडी करून तिच्या हातात दिली, तिनं ती डब्यावर ठेवली, आणि दोघं मार्केट यार्डाकडे चालायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. काम तर झालं होतं. पण त्या डब्याकडे बघून मी पुन्हा जळले. काही गोष्टी एका महिन्यात झाडू मारून राखता येतात. एकदा गेल्या की त्या झाडून परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेला. मी त्याला डबा करून दिला, दोन पुडांचा. त्यानं तो बघितला आणि घेतला.

वाचनालय उघडून मी खिडकीत बसले. त्याचा फोन माझ्या टेबलावर पालथा होता. तो वाजला. उलटा करून बघायची गरज नव्हती. मी खिडकीतून हाक मारली, "फोन."

"हात मातीचे आहेत," तो म्हणाला आणि झाडत राहिला. फोन वाजून थांबला. तो पुन्हा वाजेल, हे मला माहीत आहे.

तेवढ्यात आजी फेरी मारून आल्या. कालचं सगळं त्यांनी ऐकलं होतं, स्वतः बोलल्या होत्या, तरी पिशवीत हात घालून त्या त्याच्यापुढं थांबल्या. सवय म्हणून असेल, किंवा नव्या माणसाकडून वेगळ्या उत्तराची आशा म्हणून.

"तुम्हीही सेवेलाच का?"

भावानं खराटा टेकवला. "नाही आजी. पगारी."

"पगारी," आजी म्हणाल्या. त्यांनी अर्धवट बाहेर काढलेलं केळं पुन्हा पिशवीत ठेवलं आणि पुढच्या फेरीला लागल्या.

भाऊ खिडकीकडे वळला.

"ताई," तो म्हणाला, "केळं हुकलं."